गळकं छप्पर कुणाच्या नावावर?

यंदाच्या मे महिन्यात मी माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांचं छप्पर उतरवलं. कौलं काढली, किडलेले वासे काढले आणि लोखंडी पाइपांवर पत्रे घातले. सगळं उरकल्यावर वही काढून बेरीज केली. पत्रे, पाइप आणि हूक मिळून 31,200 रुपये. मजुरी 14,500. सिमेंट आणि वाळू 6,800. भिजून खराब झालेलं वायरिंग बदलायला 5,400. टेम्पोचे 1,800, राडारोडा हलवायचे 1,500 आणि माणसांच्या चहा-जेवणाचे 1,150. एकूण 62,350. जुने वासे आणि धड राहिलेली कौलं विकून 4,000 आले. कामासाठी दोन्ही खोल्या दीड महिना रिकाम्या ठेवल्या, त्याचं 6,000 भाडं बुडालं. म्हणजे 64,350 रुपये माझ्या खिशातून गेले. आणि या दोन खोल्यांचं सबंध वर्षाचं भाडं आहे 48,000.

ही बेरीज मी आमच्या बैठकीत वाचून दाखवली तेव्हा एक जण हसून म्हणाली, "तुझं काय बाई, बसून भाडं खातेस!" ती माझी जुनी मैत्रीण. एकत्र मोर्च्यांना गेलोय, एका सतरंजीवर झोपलोय. तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आलं, आणि म्हणून हा लेख.

मी भाटघरला राहते. भोरजवळचं हे धरणाचं गाव. 1928 साली पुरं झालेलं लॉईड धरण ते हेच; आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. इथलं साडेतेवीस टीएमसी पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं आणि तिकडे ऊस उभा राहतो. आमच्याकडे राहतो तो पाऊस, ओल आणि भाडेकरू. शिरवळच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी मुलं, भोरला शिकणाऱ्या मुली, एखादी नर्स, एखादे बदलून आलेले गुरुजी. गावात आणि भोरच्या आसपास अशा एक-दोन खोल्या भाड्यानं देणाऱ्या किती तरी घरी मालक म्हणून बाई आहे. नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, किंवा आईबापांना शेवटपर्यंत सांभाळलं म्हणून माहेरची एक खोली मिळालेली लेक. कुणाला शेती नाही, कुणाला पेन्शन नाही. त्या खोलीचं भाडं हाच तिचा महिन्याचा पगार.

आपल्या चळवळीत 'घरमालक' म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळाच माणूस येतो, आणि ते अगदी खोटंही नाही. शहरांत आपण नेहमी भाडेकरूंच्या बाजूनं उभ्या राहिलो आणि राहायलाच हवं होतं. घरातून बाहेर काढलेल्या बाईला आधी डोक्यावर छप्पर हवं असतं. पण त्या लढ्याचा एक धागा आपण कधी हातात घेतला नाही. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली आणि ती तिथेच राहिली. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमध्ये पाच-दहा रुपये भाड्याच्या खोल्या पुढे पन्नास वर्षं चालल्या. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाडेकरूंनी टेकू लावले, वाडे खचले. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्यानं उपकर लावून दुरुस्ती मंडळ तरी काढलं, बाकीच्या गावांना तेही नाही. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की इतकी गोठलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. मग 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्यात भाडेकरूचं भाडं वर्षाला 4 टक्के वाढवायची मुभा मिळाली. दोन हजारांवर 4 टक्के म्हणजे महिन्याला 80 रुपये. वर्षाचे 960. त्यात सिमेंटची जेमतेम अडीच पोती येतात.

त्या वाड्यांच्या वरच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या कितीतरी मालकिणी विधवा होत्या. त्यांना आपण कधी विचारलं नाही, बाई, तुमचं कसं चालतं? हे मी दुसऱ्या कुणाला दोष द्यायला म्हणत नाही. मी स्वतः विचारलं नाही.

आता माझ्या घराची गोष्ट सांगते. मी 1983 साली लग्न होऊन इथे आले तेव्हा दगडमातीच्या भिंती होत्या, वर मंगलोरी कौलं. त्या घराची निगा कोण राखायचं? सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी. होळी झाली की माती आणायची, त्यात भुसा आणि शेण घालून पायानं तुडवायची, ती मुरली की हातानं भिंतीला गिलावा द्यायचा. खाली सारवण रोजचंच. चुलीमागचं पोतेरं रोजचं. पावसाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधायचे, नाहीतर झडीनं भिंत फुगते. पुरुष वर्षातून एकदा आढ्यावर चढायचे, सावडीनं एकमेकांची घरं शाकारायचे, फुटकी कौलं बदलायचे, आणि त्या दिवशी त्यांना गोडाचं जेवण असायचं. शाकारणी झाली हे गावभर दिसायचं. आमच्या हातांना माती महिनाभर चिकटलेली असायची, ती कुणाला दिसायची नाही. सासऱ्यांना कुणी विचारलं की घराच्या दुरुस्तीला काय खर्च येतो, तर ते म्हणायचे, काही नाही, पाच-पन्नास कौलं लागतात. तीन बायांचा महिना त्यात नव्हता.

भिंतींना सिमेंट लागलं तेव्हा मी आनंदानं पाणी मारलं होतं. कुणी मातीचं घर परत आणा म्हणून गळा काढायला लागलं की मला त्याच्या हातात घमेलं द्यावंसं वाटतं. पण सिमेंटबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती तेव्हा कळली नाही. आमच्या अंगमेहनतीनं भागणारी डागडुजी रोख पैशांवर गेली. गवंडी, वेल्डर, वायरमन, नळवाला, शौचालयाच्या टाकीची गाडी. प्रत्येक जण पुरुष, बहुतेक भोरहून येणारा, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "मावशी, घरात बोलायला कोणी माणूस आहे का?" मी काय आहे, असं विचारावंसं वाटतं. याच मे महिन्यात एका वेल्डरनं मला सांगितलेला भाव आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याला सांगितलेला भाव यांत साडेतीन हजारांचा फरक होता. काम तेच, पाइप तेच.

कौलं पुन्हा का घातली नाहीत, असं काही जणींनी विचारलं. पत्र्याखाली एप्रिलमध्ये जीव उकडून निघतो, हे मला ठाऊक आहे. पण कौलांना दरवर्षी वर चढणारा माणूस लागतो. सावड मोडली. तरुण पोरं पाळीवर जातात, आणि माकडं कौलांवरून उड्या मारतात ती फोडणारे नवे कौल बसवायला येत नाहीत. बाईला वर चढायला अजून गावात बरं म्हणत नाहीत, आणि माझे गुडघेही आता नाही म्हणतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जलाशयातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, लोक ते पाहायला लांबून येतात आणि इतकी वर्षं पाण्याखाली राहून दगड कसे टिकले म्हणून नवल करतात. आमची पश्चिमेची भिंत पाण्याच्या बाहेर असून टिकत नाही.

इथवर खर्चाचं झालं. आता ज्या कारणासाठी मी लिहायला बसले ते सांगते.

वाटणीत आमच्याकडे राहती जागा सोडून तीन खोल्या आल्या होत्या. दोन पुढच्या, एक मागची. माझे यजमान 2011 साली गेले. तेव्हा मी अंगणवाडी सेविका होते, मानधनात मुलीचं शिक्षण चाललं होतं. 2014 च्या पावसात मागच्या खोलीचं आढं वाकलं. भाडेकरू सोडून गेला. माझ्याजवळ पैसे नव्हते. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला काळजी करता, मी बघतो." त्यांनी पत्रे घातले, फरशी बसवली, रंग दिला. मी त्यांना ओवाळलं होतं हो, भाऊबीजेला, खऱ्या मनानं. त्यानंतर नवा भाडेकरू त्यांनी आणला. भाडं त्यांच्याकडे जायला लागलं, आधी 'खर्च फिटेपर्यंत'. खर्च किती झाला याचा कागद नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरात हिशेब मागता होय?" आज अकरा-बारा वर्षं झाली. खर्च फिटून वर किती गेले ते पत्रेही सांगतील. गावात त्या खोलीला आता त्यांची खोली म्हणतात, कारण पत्रे त्यांनी घातले.

मैत्रिणींनो, आपल्या कामात येणाऱ्या घरांच्या भांडणांकडे जरा या बाजूनं पाहा. किती ठिकाणी मालकी अशीच हलते! कुणी दंडुका घेऊन येत नाही, खोटी सही करून घेत नाही. छप्पर गळतं, बाईकडे पैसे नसतात, आणि घरातला पुरुष मदतीला येतो. मुलगा स्लॅब टाकतो आणि आई मागच्या पडवीत जाते. भाऊ माहेरच्या खोलीची भिंत बांधतो आणि बहिणीचं कुलूप निघतं. "पैसा कुणी लावला?" या एका प्रश्नापुढे तिचा वारसा हक्क फिका पडतो. कायद्यात असं नाही, दुरुस्ती केली म्हणून कुणी मालक होत नाही. पण तलाठ्याच्या दारात आणि पारावर हा प्रश्न कायद्याच्या आधी उभा असतो.

आपण नावासाठी पुष्कळ लढलो. महाराष्ट्रानं 1994 साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं वाटा दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला. 2003 साली गावातल्या घरावर नवराबायको दोघांची नावं लावण्याचा शासन निर्णय झाला, तो ग्रामपंचायतीत अमलात यावा म्हणून बायांनी गावोगाव फेऱ्या काढल्या. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून घरांच्या मिळकत पत्रिका देण्याचं काम चालू झालं. तिथं आपलं नाव लागलं की नाही हे पाहणं आजही फार जरुरीचं आहे, कारण ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा कागद, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. हे सगळं मी शिबिरांत सांगते. आणि इतकं सांगणाऱ्या माझ्या हातून एक खोली गेली, ती नाव नव्हतं म्हणून नाही. उताऱ्यावर नाव माझंच आहे. घरपट्टीसुद्धा मीच भरते.

म्हणून सेवेतून निवृत्त होताना एकरकमी लाख रुपये मिळाले, तेव्हा मी ते हलवले नाहीत. लेक म्हणाली, आई, तीर्थयात्रा कर, दागिना कर. मी म्हटलं, पुढच्या दोन खोल्यांचं छप्पर मी स्वतः करणार. दीर यावेळीही आले होते. म्हणाले, "वहिनी, पत्र्याचं मी बघतो की." मी चहा दिला आणि नको म्हटलं.

पण ते करायला मला तीन पावसाळे लागले. त्या तीन पावसाळ्यांचंही सांगायला हवं, नाहीतर मी स्वतःला फार चांगली दाखवली असं होईल. पैसे बँकेत होते आणि मी हात लावत नव्हते, आजारपणाला लागतील म्हणून. पुढच्या एका खोलीत एक जोडपं राहतं, दोघंही शिरवळला कामाला जातात, तान्हं मूल आहे. पहिल्या पावसात ती मला म्हणाली, "काकू, पाळण्यावर पाणी पडतंय." मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर कुणाला छप्पर आठवतं? दुसऱ्या वर्षी तिनं आतून प्लास्टिक बांधलं. तिसऱ्या वर्षी ओल्या भिंतीतल्या बटणाचा तिला झटका बसला. हात काळानिळा झाला होता, बाकी निभावलं. तिनं भाडं एक दिवस उशिरा दिलं नाही.

त्या बाईला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं ते हे. भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्यानं टाळलं तर भाडेकरूनं किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, आणि तरी काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापायचा. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. माझ्या एका खोलीचं वर्षाचं भाडं 24,000, म्हणजे 6,000 रुपये. तेवढ्यात पाळण्यावरचे वासे आणि कौलं नक्की झाली असती. पण यात दोन मेखा आहेत. एक म्हणजे हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे, सरसकट प्रत्येक खेड्याला नाही. आपलं गाव त्यात येतं का ते आधी पाहावं लागतं. दुसरी, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी व्यक्ती या कलमापुरती भाडेकरू धरली जात नाही. तिच्यासाठी करारात जे लिहिलं तेच खरं. आणि आमच्याकडे तर करारच नव्हता. बहुतेक बायका करत नाहीत. नोंदणीचा खर्च, भोरची खेप, आणि 'आपलीच पोरगी आहे' ही भावना. त्याच कायद्याचं कलम 55 सांगतं की लेखी, नोंदलेला करार करणं ही मालकाची जबाबदारी. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद न केल्यानं तीही उघडी आणि मीही.

वहीतली आणखी एक नोंद सांगून टाकते. मजुरीत गडी माणसाला रोज 700 लिहिलेत आणि बाईला 450. दोघं तीच कौलं उतरवत होती. दर ठेकेदारानं सांगितला आणि मी दिला. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला, हे मी किती शिबिरांत फळ्यावर लिहिलंय! तिसऱ्या दिवशी लाज वाटली, पुढचे दिवस 700 दिले. पहिले दोन दिवस राहिलेच.

आता उत्पन्नाच्या हिशेबाकडे येते, कारण आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांना याचा थेट फटका बसतो. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षं 21,000 रुपये धरली गेली. एका खोलीचं महिन्याला दोन हजार भाडं येणारी विधवा 24,000 वर जाते आणि बाद होते. त्यातले दहा हजार ओलीत आणि मोटारीत गेले, हे कोण विचारतं? पोटगीच्या दाव्यातही तेच. नवऱ्याचा वकील म्हणतो, बाईंना भाडं येतं. पूर्वीचं कलम 125 घ्या किंवा 2024 पासूनचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 घ्या, तिला स्वतःचा निर्वाह करता येतो का, हाच मुद्दा असतो. मग भाडं सांगितलं जातं आणि गळती सांगितली जात नाही, कारण तिच्याजवळ पावत्या नसतात आणि आपल्यालाही त्या मागायचं सुचत नाही.

खरं तर सरकारनंच एका जागी हे कबूल केलेलं आहे. ज्यांना आयकर भरावा लागतो त्यांच्या घरभाड्यातून, स्थानिक कर वजा करून उरलेल्या रकमेच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती केली का, किती केली, पावती कुठे आहे, काही विचारत नाहीत. म्हणजे शंभर रुपये भाडं आलं तर त्यातले तीस घराचेच, मालकाचे नव्हेत, असं कायदा धरून चालतो. शहरात चार फ्लॅट भाड्यानं देणाऱ्याला ही सूट मिळते आणि एका खोलीवर जगणाऱ्या विधवेच्या दाखल्यावर मात्र शंभरच्या शंभर लिहितात. तहसील कचेरीत हा तीस टक्क्यांचा दाखला देऊन आपल्या संघटनांनी निवेदनं द्यायला हवीत. पोटगीच्या अर्जातही भाड्याशेजारी दुरुस्तीचा रकाना हवा, आणि त्यासाठी आजपासून पावत्या बाईच्या नावानं घ्यायला हव्यात. मी हार्डवेअरच्या दुकानात नाव सांगितलं तर त्यांनी सवयीनं यजमानांचं लिहिलं. ते जाऊन किती वर्षं झाली हे त्यांना ठाऊक होतं. पावती फाडून दुसरी घेतली.

बचत गटांशी माझं भांडण आहे ते वेगळंच. आमच्या गटात म्हशीला कर्ज मिळतं, शिलाई मशीनला मिळतं, पापडाच्या भट्टीला मिळतं. छपराला मागितलं तर 'घरखर्च' म्हणून बाजूला, उत्पादक नाही म्हणून. जिचं पोट भाड्यावर आहे तिचं छप्पर म्हशीपेक्षा कमी उत्पादक कसं? म्हैस आटते, छप्पर धड असलं तर महिन्याच्या महिन्याला देतं. गटानं वेळेवर पंधरा हजार दिले असते तर 2014 साली दिरांना कुणी बोलावलं असतं? बँका आणि अधिकारी त्यांचे रकाने घेऊन बसतील. पण अंतर्गत कर्ज तर आपल्या हातात आहे, तिथं तरी आपण त्यांची भाषा का बोलतो?

आणि बायांना यातलं कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना किल्लारीची आठवण द्यावी. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये पडलेली गावं नव्यानं बांधली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत उभ्या असलेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. त्या कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक झाल्या. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, दगडी भिंतीत आरपार दगड का घालायचा, कोपरे कसे बांधायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या. गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवलं. ज्यांनी आधी चावडीची पायरी चढली नव्हती त्यांनी सिमेंटचं प्रमाण विचारलं. तेव्हा सरकारला गरज होती म्हणून बायांना भिंत कळू शकते हे मान्य झालं. भूकंप नसताना ते पुन्हा गवंड्याचं गुपित झालं. आपल्या शिबिरांत कायद्याचं सत्र असतं, आरोग्याचं असतं. एक दिवस फूटपट्टी घेऊन भिंत, पत्रा, वायर आणि शोषखड्डा शिकायला काय हरकत आहे? म्हणजे निदान भाव सांगणाऱ्यासमोर आपण गप्प उभ्या राहणार नाही.

धरणाच्या भिंतीवर पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाआधी त्यांची पाहणी होते, तेलपाणी होतं, त्याला माणूस नेमलेला असतो, खर्चाचं खातं असतं. त्याला कुणी धरणावर उपकार केले म्हणत नाही, आणि ग्रीस लावणारा धरणाचा मालकही होत नाही.

मागच्या खोलीचं काय करायचं ते लेकीनं आणि मी ठरवलंय. दिरांना तोंडी नाही, चिठ्ठी देऊन विचारलंय की 2014 चा खर्च किती, आणि आजवर भाडं किती जमा झालं. उत्तर आलेलं नाही. जाऊबाई विहिरीवर बोलत नाहीत. कोर्टात जायची माझी आज तयारी नाही, ते मी लपवत नाही.

पुढच्या खोलीतल्या जोडप्याशी या महिन्यात करार नोंदवला. भोरला तिघं मिळून गेलो, खर्च अर्धा अर्धा. छप्पर, बाहेरच्या भिंती, मुख्य वायर आणि शौचालयाची टाकी माझ्याकडे. नळाचा वॉशर, बल्ब आणि आतला रंग त्यांच्याकडे. गळती कळवल्यापासून 15 दिवसांत मी काम सुरू केलं नाही तर ती करून घेईल आणि भाड्यातून कापेल, हे शब्द तिनं सांगितले तसे लिहिले. दर महिन्याच्या भाड्यातले 600 रुपये मी गटात वेगळ्या खात्यावर टाकते. पत्रे घातल्यावर पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री मी दोनदा उठून त्यांच्या दाराशी गेले. दुसऱ्या खेपेला तिनं दार उघडलं. म्हणाली, "काकू, गळत नाही. पण आवाजानं बाळ झोपत नाहीये." पत्र्याखाली ताडपत्री लावली तर आवाज कमी होतो म्हणतात. भाव विचारून ठेवलाय.